टॅरोचे पत्ते, बायकांचे प्रश्न

टॅरो म्हणजे भविष्य पाहण्यासाठी वापरले जाणारे चित्रांचे पत्ते. मागील अंकात स्त्रीकेंद्री टॅरो संचांविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. स्त्रीला स्वतःच्या मनाची ओळख व्हावी आणि आपल्या निर्णयांवरचा तिचा विश्वास वाढावा, या हेतूने काढलेले हे चित्रांचे पत्ते अलीकडे भेट म्हणून दिले जाऊ लागले आहेत, एवढाच त्याचा विषय होता. त्यावर सोलापुरातून बरीच पत्रे आली. त्यांतील काही पत्रे, लिहिणाऱ्यांची नावे गाळून आणि मजकूर थोडा आटोपशीर करून, उत्तरांसह येथे देत आहोत.

प्रश्न : वाढदिवसाला पुण्याच्या भाचीने मला बायकांसाठी काढलेला टॅरोचा संच भेट दिला. चित्रे देखणी आहेत, जवळजवळ प्रत्येक पत्त्यावर स्त्री आहे, आणि सोबतच्या पुस्तिकेत प्रत्येक पत्त्यासाठी एक प्रश्न दिला आहे. सासूबाई म्हणतात, हे जादूटोण्याचे प्रकरण आहे, देवघर असलेल्या घरात नको. मुलगी म्हणते, आई, हे सगळे थोतांड आहे. मला मात्र दुपारी कामे आटोपली की एखादा पत्ता काढून बघावासा वाटतो. हे नेमके काय आहे, आणि यात काही गैर आहे का?
— एक गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : सासूबाईंच्या शंकेपासून सुरुवात करू, कारण तिचे उत्तर इतिहासात सरळ सापडते. टॅरोची सुरुवात मंत्रतंत्रात झाली नाही, ती पत्त्यांच्या डावात झाली. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीतील मिलान, फेरारा अशा दरबारी शहरांत नेहमीच्या चार रंगांच्या पत्त्यांना चित्रांची काही जादा पाने जोडण्यात आली आणि ती प्रत्येक डावात हुकमाची मानली जाऊ लागली. आपल्याकडे दर डावाला हुकूम ठरवावा लागतो, तिथे तो कायमचाच ठरलेला असे. मिलानच्या विस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी सोन्याच्या वर्खावर रंगवलेली अशी पाने आजही संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. फ्रान्समध्ये आणि ऑस्ट्रियात लोक अजूनही टॅरो खेळतात, आणि तेही आपण सुट्टीत रमी मांडतो त्याच भावनेने.

भविष्य या पत्त्यांना चिकटले ते तीनशेहून अधिक वर्षांनी. १७८१ मध्ये आंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने, हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचे लपवून ठेवलेले ज्ञान आहे, असे ठोकून दिले. इजिप्तची चित्रलिपी त्या वेळी युरोपात कोणालाही वाचता येत नव्हती. शांपोल्याँने ती उलगडली १८२२ मध्ये, आणि तिच्यात टॅरोचा मागमूसही निघाला नाही. तोवर पत्ते पाहून भविष्य सांगणाऱ्यांचा धंदा मात्र पॅरिसमध्ये चांगला बसला होता. तेव्हा सासूबाईंना सांगावे की, घरात आलेली वस्तू मुळात खेळण्याची आहे, आणि तिला जादूचा मुलामा नंतर माणसांनी चढवला आहे.

आजच्या प्रचलित संचात ७८ पाने असतात. त्यांतील २२ पानांना मेजर अर्काना म्हणतात, आणि त्यांवर सम्राज्ञी, न्याय, मृत्यू, मनोरा, तारा, सूर्य अशी ठसठशीत चित्रे असतात. उरलेली ५६ पाने काठ्या, पेले, तलवारी आणि नाणी या चार रंगांत प्रत्येकी १४ अशी विभागलेली असून, आपल्या राजा-राणी-गुलामांच्या जोडीला तिथे एक घोडेस्वार असतो.

आता ज्या गोष्टीमुळे आपल्या हातातला संच स्त्रीकेंद्री म्हणवतो, तिकडे वळू. बाजारातील बहुतेक संच ज्या एका संचावरून बेतलेले आहेत, तो १९०९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्याची कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची होती आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. पूर्वीच्या बहुतेक संचांत पेल्यांच्या पंजीवर नुसते पाच पेले असत. पामेलाबाईंनी त्या ५६ पैकी अशा साध्या, आकड्यांच्या पानांवरही माणसे, घरे, वाटा आणि प्रसंग काढले, म्हणून पाठांतर न करताही पान पाहणाऱ्याला काहीतरी सुचू लागले. या कामाचे त्यांना ठोक आणि थोडे पैसे मिळाले, विक्रीतला वाटा मिळाला नाही. काम मोठे झाले पण पैसा अगदी थोडा मिळाला, असे त्यांनी त्याच वर्षी एका पत्रात लिहिले आहे. पुढे कित्येक दशके संचाला नाव राहिले ते प्रकाशकाचे आणि वेट यांचे. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीसाठीही चित्रे काढणाऱ्या या बाई १९५१ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात हलाखीत वारल्या. पानाच्या कोपऱ्यात वेलबुट्टीसारखी एक वळणदार सही दिसते, ती त्यांची. आपला संच या जुन्या संचावरून बेतलेला असेल, तर दोन्हींची चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. कोणाची कल्पना किती उचलली आहे ते लगेच ध्यानात येईल.

बायकांनी बायकांसाठी संच काढण्याचा ठळक प्रयत्न पुढे अमेरिकेत झाला. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे व्हिकी नोबल आणि कॅरन व्होगेल या दोघींनी १९७८ मध्ये हाती घेतलेला मदरपीस नावाचा संच १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी राजा, राणी, घोडेस्वार आणि सेवक ही दरबारी उतरंडच काढून टाकली आणि तिच्या जागी कन्या, पुत्र, पुजारीण आणि शमन (आदिम समाजातील वैदू-मांत्रिक) अशी चौकडी आणली. कंदील घेऊन एकटा उभा असलेला म्हातारा संन्यासी जाऊन तिथे जाणती वृद्धा आली. पानेही चौकोनी न ठेवता गोल केली. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफाची पाने गोल असतात आणि दशावतारी गंजिफात ती १२० असतात, हे सासूबाईंना आवर्जून सांगण्यासारखे आहे. देवांची चित्रे असलेल्या पत्त्यांनी आपल्याकडे राजवाड्यांत खुशाल डाव रंगत असत.

यात गैर काय असू शकते, तेही सांगतो. अशा काही संचांत स्त्री म्हणजे चंद्र, पाणी, माया, सहनशीलता आणि अंतःप्रेरणा, असे एकच चित्र पुन्हा पुन्हा गिरवलेले असते. हिशेब ठेवणारी, भांडून हक्क मिळवणारी, चिडलेली किंवा नुसतीच दमलेली बाई त्यांत सापडत नाही. ज्या साच्यातून बाहेर पडण्यासाठी संच विकत घ्यायचा, तोच साचा सोनेरी कडा लावून परत हाती येत असेल, तर त्या सक्षमीकरणाला अर्थ नाही. कालीमातेची जीभ किंवा लज्जागौरीची मूर्ती केवळ नक्षी म्हणून वापरणारे संचही आहेत, आणि त्याचा सासूबाईंना राग आला तर तो रास्त मानावा.

आपल्या पुस्तिकेत भाकिताऐवजी प्रश्न आहेत, ही मात्र जमेची बाजू. दुपारी एक पान काढावे, पुस्तिका मिटलेलीच ठेवून चित्र नीट पाहावे, मनात आले ते चार ओळींत वहीत उतरवावे आणि मग पुस्तिका वाचावी. हा क्रम उलटा केला, तर वहीत आपले म्हणणे उतरणार नाही, पुस्तिका लिहिणाऱ्याचे उतरेल. संच देवघरात ठेवण्याचे कारण नाही आणि लपवण्याचेही नाही. पुस्तकांच्या कपाटात तो शोभेल. मुलगी थोतांड म्हणते ते भाकितापुरते खरे आहे, आणि वहीतल्या चार ओळी तिला दाखवायच्या की नाही, हे आपले आपण ठरवावे.

प्रश्न : मी निवृत्त विज्ञानशिक्षक आहे. उमेदीची वर्षे अंधश्रद्धेविरुद्ध गावोगाव बोलण्यात घालवली. कुडमुड्या जोशी गेला, पोपटवाला गेला, आणि आता त्यांच्या जागी इंग्रजी बोलणारी टॅरो रीडर वातानुकूलित खोलीत बसली आहे. सक्षमीकरण हे भारदस्त नाव दिल्याने भोंदूगिरी पवित्र होत नाही. आपल्या मासिकाने या विषयाला जागा द्यावी याचे आश्चर्य वाटते.
— एक वाचक, मुरारजी पेठ

उत्तर : सर, आपल्या पत्रातील बहुतेक मुद्दे मान्य आहेत. फेटलेल्या पत्त्यांतून कोणते पान वर येईल हे योगायोगाने ठरते, आणि त्या पानाचा आपल्या नोकरीशी, लग्नाशी किंवा आजाराशी कोणताही कार्यकारणसंबंध नसतो. तरीही ‘अगदी माझेच सांगितले’ असे लोकांना का वाटते, याचे उत्तर १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या वर्गातच काढले. त्याने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे म्हणून व्यक्तिमत्त्ववर्णन दिले. प्रत्यक्षात सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता, आणि तोही रस्त्यावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. वर्णन किती जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. ‘तुम्ही वरून शिस्तशीर दिसता, पण आतून अस्वस्थ असता’ असे वाक्य कोणाला लागू पडत नाही? हा प्रयोग आपण अजूनही शाळांमधून करून दाखवत असाल, तर त्यात टॅरोची पाने जरूर घ्यावीत. मुलांना तो पोपटापेक्षा जवळचा वाटेल.

मात्र मासिकाने जागा का दिली, याचेही कारण आहे. चित्र समोर ठेवून माणसाला त्यावरून गोष्ट सांगायला लावणे आणि त्या गोष्टीतून त्याच्या मनात काय चालले आहे याचा अंदाज घेणे, ही पद्धत मानसशास्त्रात १९३० च्या दशकापासून आहे. हार्वर्डमध्ये हेन्री मरे आणि क्रिस्तियाना मॉर्गन यांनी तयार केलेली चित्रांची चाचणी १९३५ मध्ये दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाली आणि १९४३ मध्ये ती पुस्तिकेसह छापून आली, तेव्हा मॉर्गनबाईंचे नाव गळाले होते. पामेलाबाईंच्या जोडीला ही दुसरी. त्या चाचणीच्या अचूकतेबद्दलही तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि तिच्या आधाराने टॅरो शास्त्रीय ठरवणे ही लबाडी होईल. एवढेच म्हणता येते की, चित्र पाहून मनातले बोलते होणे ही काही दैवी घटना नाही आणि भोंदूगिरीही नाही.

भेद करायचा तो तिथेच. पानाचा अर्थ स्वतः लावणारी बाई आणि ‘पत्ता असे सांगतो’ म्हणून दुसरीच्या आयुष्याचा निकाल देणारी बाई, या दोघींना एका माळेत ओवू नये. दुसरीच्या हाती पैसा आणि भीती अशी दोन्ही साधने असतात, आणि तिच्याबाबत आपला राग आम्हाला पूर्ण मान्य आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ मध्येच, महाराष्ट्रात झालेला जादूटोणाविरोधी कायदाही चमत्काराच्या किंवा अलौकिक शक्तीच्या नावाखाली लोकांना फसवणाऱ्या आणि दहशत घालणाऱ्या कृत्यांवर बोट ठेवतो. दुपारी घरात पत्ते पाहत बसलेल्या गृहिणीशी त्याला कर्तव्य नाही.

प्रश्न : मी खासगी कंपनीत नोकरी करते. लग्न मोडल्यावर मन लागत नव्हते म्हणून मोबाइलवर एका टॅरो रीडरकडून रीडिंग घेतले. पहिले स्वस्तात झाले. नंतर ‘टॉवर’चा, म्हणजे मनोऱ्याचा, पत्ता आला; माझी स्त्रीशक्ती अडली आहे आणि ती मोकळी करण्यासाठी विधी करावा लागेल, असे सांगून तिने तीनदा पैसे घेतले. आता आणखी मागते आहे आणि न दिल्यास वाईट होईल असे म्हणते. काय करू?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : एक पैसाही देऊ नका. टॉवर हे ७८ पानांपैकी एक पान आहे, आणि पुरेशा वेळा पत्ते काढले की ते कधीतरी येणारच. त्यासाठी कोणाची शक्ती अडावी लागत नाही. स्वस्तातले पहिले रीडिंग, मग भीती, मग उपाय आणि मग धमकी, ही साखळी मांत्रिकांची जुनीच आहे, फक्त मांत्रिकाच्या जागी मैत्रीण म्हणवणारी बाई आली आहे. तिचे सगळे संदेश आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या जपून ठेवा, मग तिला ब्लॉक करा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. जवळच्या पोलीस ठाण्यातही लेखी तक्रार देता येते. घरच्यांना सांगायला संकोच वाटत असेल, तर निदान एका विश्वासू मैत्रिणीला बरोबर घ्या. लग्न मोडल्याचे दुःख हा वेगळा विषय आहे, आणि त्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ क्रमांकावर प्रशिक्षित समुपदेशकाशी मराठीतही, विनामूल्य बोलता येते.

प्रश्न : रोज सकाळी एक पत्ता काढते. स्वतःला ओळखावे म्हणून सुरू केले होते. नवरा दारू पिऊन हात उचलतो. माहेरी जावे का, असे विचारून पत्ता काढला की कधी धीर धर असे निघते, कधी तुझी बंधने तुझ्या मनात आहेत असे पुस्तिकेत लिहिलेले असते. मग वाटते, माझेच चुकत असेल.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, तुमचे काहीही चुकत नाही, आणि हा प्रश्न पत्त्यांना विचारण्याचा नाही.

बंधने मनात आहेत असे ज्या पानाखाली सहसा लिहिलेले असते, ते तलवारींची अठ्ठी असावे. पामेला कोलमन स्मिथ यांच्या चित्रात एक बाई ओलसर जमिनीवर उभी आहे. तिच्या डोळ्यांवर पट्टी आहे, अंगाभोवती कापड गुंडाळून हात जखडलेले आहेत, आजूबाजूला आठ तलवारी जमिनीत रोवलेल्या आहेत आणि मागे उंचावर कोणाचातरी किल्ला आहे. समोरची बाजू मोकळी आहे आणि पाय बांधलेले नाहीत, यावर बोट ठेवून बहुतेक पुस्तिका सांगतात की बघ, तुला चालता येते, तूच चालत नाहीस. नोकरी बदलावी की नाही अशा घोळात अडकलेल्या बाईला हे वाक्य कदाचित उपयोगी पडेल. मार खाणाऱ्या बाईला ते सांगणे क्रूरपणाचे आहे, कारण तलवारी कोणी रोवल्या आणि पट्टी कोणी बांधली हा प्रश्नच त्यात गायब होतो. आत्मशोधाच्या नावाखाली लिहिल्या जाणाऱ्या मजकुरावरचा आमचा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे की, बाहेरच्या माणसाने केलेला अन्यायही तो बाईच्या मनोवृत्तीच्या खात्यावर टाकतो.

तुमच्या बाजूने २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा उभा आहे. त्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते, न्यायालयाकडून संरक्षणाचा आदेश मिळवता येतो, आणि घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असले तरी तिथे राहण्याचा तुमचा हक्क मागता येतो. वकिलाच्या खर्चाची काळजी करू नका. स्त्रियांना त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा अधिकार आहे, आणि त्यासाठी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिलांसाठीचा मदत क्रमांक १८१ दिवसरात्र सुरू असतो, आणि आत्ता जिवाला धोका वाटत असेल तर ११२ लावावा. आधारकार्ड, बँकेचे पासबुक, मुलांचे दाखले, अंगावर जखमा असतील तर सरकारी रुग्णालयातील नोंदीचे कागद, हे सर्व एका पिशवीत घालून शेजारणीकडे किंवा बहिणीकडे ठेवावे.

प्रश्न : कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत आम्ही काही जणी दर रविवारी आठवी ते बारावीच्या मुलींसाठी वर्ग घेतो. बहुतेकींच्या आया विड्या वळतात. घरात तेलुगू आणि शाळेत मराठी अशी त्यांची दुनिया आहे. मुली स्वतःविषयी बोलायला लाजतात. विकतचा इंग्रजी संच त्यांच्या उपयोगाचा नाही. आपल्या सोलापूरची चित्रे असलेला असा संच मुलींकडूनच करून घ्यावा, असे मनात आहे. कसा करावा?
— एक कार्यकर्ती, कुंभारी

उत्तर : आलेल्या पत्रांतले हे आमचे सर्वांत आवडते पत्र, त्यामुळे उत्तरही थोडे पसरट होईल.

सर्वप्रथम, टॅरो हे नाव गाळावे. पालकांच्या मनात नसती शंका येईल, आणि भाकिताचा सगळा पसारा त्या नावाबरोबर आत शिरेल. नुसते चित्रपत्ते म्हणावे. दुसरे, ७८ पानांच्या मागे लागू नये. वीस-बावीस पाने पुष्कळ झाली, आणि ती मूळ संचातील मेजर अर्कानाच्या पानांची नक्कल असण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट अनुभवी कार्यकर्त्यांकडूनही सुटते. असा संच करायचा म्हटले की आपण थोर स्त्रियांची यादी करायला बसतो. सोलापुरात तर ती आपसूक तयार होते. विद्यापीठालाच अहिल्यादेवींचे नाव आहे, आणि सम्राटाच्या पानावर त्यांना बसवावे असे कोणालाही वाटेल. मंगळवेढ्याची कान्होपात्रा आहे, जिने बिदरच्या बादशहाच्या बोलावण्याला नकार देऊन पंढरीच्या विठ्ठलापाशी देह ठेवला अशी परंपरा सांगते. गड्ड्याच्या यात्रेतील अक्षता सोहळा ज्या आख्यायिकेवर उभा आहे, तिच्यातील कुंभारकन्या आहे, जिने सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्याशीच लग्न करीन असा हट्ट धरला आणि अखेर त्यांच्या योगदंडाशी लग्न लावले. या तिघी जरूर असाव्यात. विशेषतः कुंभारकन्येविषयी मुली काय बोलतात ते ऐकण्याजोगे असेल, कारण स्वतःच्या लग्नाबद्दल स्वतः बोलणारी मुलगी त्यांनी दर संक्रांतीला मिरवणुकीत अप्रत्यक्षपणे पाहिलेली आहे. पण बावीसच्या बावीस पाने थोर बायकांनी भरली, तर चौदा वर्षांची मुलगी त्यांच्याकडे भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहावे तशी पाहील, हात जोडील आणि गप्प बसेल.

म्हणून निम्म्याहून अधिक पाने तिच्या डोळ्यांसमोरची असावीत. मूळ संचात नाण्यांची अठ्ठी नावाचे पान आहे. त्यावर एक तरुण कारागीर बाकावर बसून मन लावून एकेक नाणे घडवतो आहे. तुमच्या संचात तिथे उंबऱ्याशी बसून विड्या वळणारी आई यावी. तिच्या मांडीवर सूप आहे, सुपात भिजवून कात्रीने कापलेली तेंदूची पाने आणि तंबाखू आहे, बोटाशी दोरा आहे, आणि बाजूला कोणाचीतरी उघडी वही पडली आहे. या चित्राखाली अर्थ लिहू नये. एक मुलगी म्हणेल, आईचे हात किती भरभर चालतात. दुसरी म्हणेल, चांगली वळलेली विडीसुद्धा कारखान्यात नापास करतात आणि त्याचे पैसे मिळत नाहीत. तिसरी म्हणेल, मला हे काम करायचे नाही. चौथी वहीबद्दलच बोलेल. चारही उत्तरे त्या पानाचीच आहेत. पानामागे ‘कष्टाचे फळ मिळते’ असे छापले असते, तर दुसरी आणि तिसरी मुलगी बोललीच नसती.

आणखी काही चित्रे सुचवतो : बतकम्मा या तेलुगू सणासाठी फुलांची रास रचणाऱ्या मैत्रिणी, यंत्रमागासाठी कांड्या भरणारी आजी, सिटी बसच्या खिडकीशी एकटी बसलेली कॉलेजची मुलगी, मे महिन्यातल्या पाण्याच्या रांगेतल्या रिकाम्या घागरी, बंद दार, आरसा, अर्धी भाजलेली भाकरी, मोबाइलचा उजेड पडलेला चेहरा. एखादे पान रागाचे असावे. मुलींच्या संचात राग हमखास विसरला जातो.

चित्रे मुलींनीच काढावीत, वाकडीतिकडी आली तरी चालतील. जाड कार्डशीटवर तळहाताएवढी पाने कापून लॅमिनेशन करून घेतले की संच वर्षभर टिकतो. मागची बाजू सर्व पानांची एकसारखी ठेवावी, म्हणजे पान निवडताना चलाखी होत नाही. वर्गात एका वेळी एकच पान काढावे आणि तीनच प्रश्न विचारावेत : तुला यात काय दिसते, यातले तुझ्यासारखे कोण आहे, आणि तुला यातले काय बदलावेसे वाटते. तेलुगूत उत्तर येत असेल तर येऊ द्यावे. मनातले बोलताना मुलीला आधी भाषांतर करायला लावले, तर अर्धे तिथेच गळून जाते. पान परत ठेवून ‘आज नको’ म्हणण्याची मुभा प्रत्येकीला हवी. ‘पत्ता सांगतो की’ हे शब्द कार्यकर्तीने वर्गात उच्चारू नयेत, गमतीनेसुद्धा.

एक तयारी मात्र आधीच करून ठेवावी. मुली बोलू लागल्या की ठरवलेले लग्न, घरातला त्रास, नको असलेला स्पर्श यांपैकी काहीही समोर येऊ शकते. तेव्हा पत्ते बाजूला ठेवावेत, सगळ्यांसमोर खोदून विचारू नये, त्या मुलीशी नंतर एकटीने बोलावे आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाची मदत घ्यावी. अल्पवयीन मुलीच्या लैंगिक छळाची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणे पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मुलींना आधीच देऊन बसू नये.

प्रश्न : पहिला संच स्वतः विकत घेऊ नये, कोणीतरी भेट द्यावा लागतो, असे मैत्रीण म्हणते. उलटा पडलेला पत्ता अशुभ असतो हेही खरे का? आणि मासिक पाळीत पत्त्यांना हात लावू नये असे एका व्हिडिओत ऐकले.
— एक विद्यार्थिनी, विजापूर रोड

उत्तर : संच भेटच मिळावा लागतो, या समजुतीला इतिहासात कोणताही आधार नाही, पत्ते शतकानुशतके दुकानांतून विकले गेले आहेत. तुम्हाला हवा असेल तर स्वतःच्या पैशाने घ्या, फक्त चित्रे आधी इंटरनेटवर नीट पाहून घ्या, कारण नुसत्या वेष्टनावरून संच कळत नाही. पान उलटे पडते ते पिसताना काही पाने फिरली म्हणून. अनेक जण ते सरळ करून पाहतात आणि पुढे जातात. मासिक पाळीची गोष्ट तर सरळ धुडकावून लावा. स्त्रियांच्या सक्षमीकरणासाठी म्हणून काढलेल्या पत्त्यांनाही विटाळ लावणारा तो व्हिडिओ पुढे कोणाला पाठवू नका.